तिसऱ्या खोलीतला जिना

चष्मेवाल्याने पाचव्या खोलीच्या भिंतीतली एक वीट काढली आणि तिच्या जागी अगदी तशीच दिसणारी खोटी वीट बसवली. आता या भिंतीला जो टेकेल तो आत शिरून अडकणार. त्याने काम पुन्हा एकदा न्याहाळलं आणि स्वतःवरच खूश झाला.

भिंत खेळातली होती. तो शाळेत असताना टीव्हीला जोडून खेळायचे ते व्हिडिओ गेमचे डबे कधीच बाजारातून गेले. पण जगात काही माणसं अशी आहेत की त्या जुन्या डब्यांसाठी अजून नवे खेळ बनवतात, कॅसेटमध्ये भरतात आणि कुणी खेळतंय का म्हणून वाट बघत बसतात. चष्मेवाला त्यांतलाच. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या, संध्याकाळी एकट्यापुरतं जेवण गरम करायचं आणि मग खेळातल्या घराच्या खोल्या बांधायच्या. त्या घरात एक चिमुकला माणूस उड्या मारत बाहेरचं दार शोधतो, एवढाच खेळ.

हौशी मंडळींच्या वेबसाइटवर त्याने तो ठेवला, तेव्हा दोघातिघांनी वाहवा केली आणि आपापल्या कामाला लागले. मन लावून खेळलं ते फक्त घुबड. हे तिथलं टोपणनाव. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, चष्मेवाल्याला काही पत्ता नव्हता. आपल्या भाषेत लिहायचं आणि मोजकं लिहायचं, एवढंच ठाऊक. ‘पहिली खोली, कपाट. माणूस वर चढला की उतरत नाही. बघा.’ आणि खाली हटकून एखादी ओळ. ‘गुडघा आज बरा आहे.’ किंवा, ‘समोरचे लोक घर सोडून गेले. आता या मजल्यावर दुसरं कुणी नाही.’

चष्मेवाला चूक दुरुस्त करायचा, सुधारलेला खेळ पाठवायचा आणि त्या खालच्या ओळीला उत्तर लिहायचा. खरं तर तो खालच्या ओळीसाठीच जगायला लागला होता. मग व्हायचं तेच झालं. चुका संपल्या. घुबड गप्प झालं. त्या दिवसांत घर त्याला खायला उठलं. शेवटी त्याने दुसऱ्या खोलीत एक चूक मुद्दाम घातली आणि खेळ पुन्हा पाठवला. दोन दिवसांत घुबड हजर! तेव्हापासून हा उद्योग बिनबोभाट चालू होता.

रविवारी ताई आली. स्वयंपाकघर आवरून झालं की ती भावाला आवरायला घ्यायची. या वेळी त्याने आपणहून तिला खोटी वीट दाखवली, सगळी गंमत सांगितली. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

“अरे, तिकडे ते माणूस डोळे फोडून तुझ्या चुका शोधतंय, आणि तू त्या मुद्दाम पेरतोस? तुला करमत नाही म्हणून दुसऱ्याला राबवायचं, हे बरं नाही हं.”

“त्याला तरी दुसरं काय काम असतं!” तो म्हणाला खरा, पण बोलणं लागलं. ताई गेल्यावर त्याने खोटी वीट काढून खरी बसवली.

एक काम त्याने मुद्दामच मागे ठेवलं होतं. खेळातलं शेवटचं दार उघडलं की नुसता अंधार दिसायचा. त्या जुन्या डब्याला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून बारीक चौकोन भरत भरत त्याने ती स्वतः काढली. दारापलीकडे पडदाभर ‘समाप्त’ उमटलं. तेवढ्याने कॅसेटमधली उरलीसुरली जागा भरली. आता आणखी एक वीट घालायची म्हटली तरी मावली नसती. खेळ पाठवताना त्याने लिहिलं, ‘आता एकही चूक नाही. फार त्रास दिला. गुडघ्याला जपा.’

मग वाट बघायची नाही असं ठरवून तो वाट बघत बसला. दुकानात त्याने एका आजोबांना त्यांच्या सुनेचा चष्मा बांधून दिला. आजोबा रागावले, तेही त्याला नीट ऐकू आलं नाही.

आणि एका संध्याकाळी घुबड आलं. ‘तिसरी खोली, जिना. माणूस दुसऱ्या पायरीवर अडकतो. बघा. इकडे थंडी पडली आहे.’

चष्मेवाल्याचं डोकंच फिरलं. एकही चूक नाही म्हणून लेखी दिल्यावर ही चूक आली कुठून? त्याने तणतणत डबा टीव्हीला जोडला, कॅसेट खुपसली आणि चिमुकल्या माणसाला तिसऱ्या खोलीत नेलं.

खोलीत एक टेबल होतं. एक खिडकी होती. खिडकीत मांजर होतं. जिना नव्हता. जिना त्या आख्ख्या घरातच कुठे नव्हता; त्याने कधी काढलाच नव्हता.

त्याने हातातली बटणं खाली ठेवली. घुबडाला चूक सापडली नव्हती. ती या वेळी घुबडाने पेरली होती. चष्मेवाल्याला हसू फुटलं. त्याने उत्तर लिहिलं, ‘बघतो. थोडे दिवस लागतील. कानाला काहीतरी बांधा.’

मग तो कामाला बसला. जिन्यासाठी कॅसेटमध्ये जागा हवी होती, म्हणून त्याने ‘समाप्त’ पुसून टाकलं. तिसऱ्या खोलीत, खिडकीच्या बाजूला, पायरीवर पायरी चढवत जिना बांधला. दुसरी पायरी तेवढी खोटी बसवली.