‘आ’ची नावं गाळा

आजोबांच्या संगणकवर्गाचा गृहपाठ होता: यादीतली ‘आ’पासून सुरू होणारी नावं गाळणारा प्रोग्रॅम लिहा. त्यांनी घरातलीच माणसं घेतली: दादा, आजोबा, आजी, बाबा, आई. आजीला जाऊन वर्ष झालं होतं, पण तिला वगळणं त्यांना सुचलंच नाही. बटण दाबल्यावर आजोबा आणि आई गळले. आजी मात्र राहिली. “बघ, मशीनलाही जुमानत नाही ही बाई!” आजोबा हसले. मी चूक समजावली, “तुमचं नाव निघताच आजी सरकून तुमच्या जागेवर आली. ती जागा तपासून झाली असं समजून मशीन पुढे गेलं. दुरुस्त करते.” त्यांनी हात धरला. “राहू दे.” “अहो, मार्क जातील! पहिलं यायचंय ना तुम्हाला?” त्यांनी पडद्यावरच्या ‘आजी’वर बोट ठेवलं. “आधी कोण जाणार, यावरून रोज गच्चीत भांडायचो आम्ही. शेवटी तिनं माझं कबूल केलं होतं: आधी मी, मग ती.”