न मावणारा आकडा

"वॉर्निंगच आहे, एरर नाही. सोडून दे," देवस्थळी सर म्हणाले. नवजात बाळांना थेंबथेंब औषध देणारे चाळीस पंप टेम्पोत चढले होते.

हेमांगीचं मन मानेना. मोटर किती टप्पे फिरल्यावर थांबवायची, तो सत्तर हजारांचा आकडा पंपाची मोटर चालवणाऱ्या कोडमध्ये तिनेच लिहिला होता. 'आकडा दिलेल्या जागेत मावत नाही, कापून लहान होईल,' असं कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बजावत होता.

तिने टेबलावर मागे ठेवलेल्या एका पंपाला पाणी भरलेली सिरिंज लावली. मोटर लगेच थांबली. पडद्यावर उमटलं, 'औषध पूर्ण दिलं.' सिरिंज जवळजवळ भरलेलीच होती.

तिने सिरिंज उजेडात धरताच सरांचा चेहरा उतरला. "टेम्पो थांबवा!" ते जिन्याकडे धावत ओरडले.

"चूक माझी आहे, सर," ती कशीबशी म्हणाली.

"आकड्याची जागा तू चुकवलीस. पंप पाठवत मी होतो."