नखाला न लागणारा जोड

“इथे काच कोणी बसवली?”

मुलगी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. विचारताना तिने खाली पाहिलेही नाही. वडिलांनी रंधा बाजूला ठेवला.

“मी. दुसरा कोण सुतार आहे इथे?”

मांजरांचा कॅफे परवा उघडायचा होता. रचना मुलीची, काम वडिलांचे. दोरखंड गुंडाळलेले खांब, छताखालून जाणारा झुलता पूल, टेबलांच्या बरोबर वर उघडणाऱ्या गोल खिडक्या. कॉफी पिणाऱ्याच्या डोक्यावर केव्हाही एखादे शेपूट लोंबावे, असा बेत होता. पाहुण्यांची कमान तिने मुद्दाम बुटकी ठेवली होती. मांजरे ताठ मानेने हिंडतील आणि माणसे वाकून आत येतील. महिन्यापूर्वी हे चित्र पाहून वडील पोट धरून हसले होते. मग त्यांनी एकेक फळी अशी जोडली, की जोडावरून नख फिरवले तरी ते कुठे अडकू नये.

भिंतीच्या टोकाला, भिंतीतच बसवलेला एक खोका होता. चित्रात तो सगळीकडून बंद होता; एका अंगाला फक्त मांजरापुरते भोक. वडिलांनी त्याची पुढची फळी काढून तिथे काच लावली होती.

“लोक मांजरं बघायला येणार. फळ्या बघायला नाही,” ते म्हणाले.

“ज्याला दिसायचं नाही, त्याच्यासाठी आहे तो खोका.”

“मांजराला कसला आलाय एकांत? पत्रं लिहायचीत त्याला?”

“बाबा, चेष्टा नको. काच काढा.”

“नाही काढणार. आत काही झालं, तर बाहेर कळायचं कसं?”

“काय होणार आहे आत?”

वडिलांनी पेचकस उचलून काचेचा एक स्क्रू आणखी आवळला. कोपऱ्यातला रंगारी एकच चौकट तिसऱ्यांदा रंगवू लागला.

सहा मांजरे सकाळीच आणली होती. त्यांतली राखाडी मांजरी तेव्हापासून सिंकखाली बसून होती. आवाज चढले तशी ती बाहेर पडली, फळ्या चढत गेली आणि भोकातून खोक्यात शिरली. समोर काच होती. काचेपलीकडे तीन चेहरे होते. तिने पाठ फिरवली आणि तोंड कोपऱ्यात खुपसले.

“बघा,” मुलगी म्हणाली. “माझ्याशी केलंत, तेच हिच्याशी केलंत.”

“काय केलं मी तुझ्याशी?”

“माझ्या खोलीची कडी काढलीत. अकरा वर्षांची होते मी. दवाखान्यातून घरी आले, तर दाराला आतून कडी नाही. चिडून दार लावून घेतलं होतं ना, त्याची शिक्षा. त्यानंतर ते घर सोडेपर्यंत दाराला खुर्ची लावून कपडे बदललेत मी.”

वडिलांच्या हातातला पेचकस बाकावर आपटला.

“शिक्षा? दार लावलंस तेव्हा तुझं अंग तापलेलं होतं. हाका मारून मारून माझा घसा बसला. आत तू बेशुद्ध, आणि बाहेरून काही दिसेना. कडीपाशी दार कापलं, हात घातला, तेव्हा उघडलं. सुताराच्या घरी होतीस म्हणून. दुसऱ्या कोणाच्या घरी असतीस तर...”

मुलगी शिडीवरून उतरली.

“खोटं बोलताय. त्या दाराला कुठेही जोड नाही.”

“माझा जोड तुझ्या नखाला कधी लागलाय?” वडील त्याच रागाने म्हणाले. “दिसता ठेवला असता, तर तुझ्या आईला तो दिवस रोज आठवला असता.”

रंगाऱ्याचा ब्रश थांबला होता.  मुलीने कानामागची पेन्सिल काढली आणि ती मागच्या कोठीत गेली. तिथे पाहुण्यांना मज्जाव होता. खोक्याची मागची फळी तिकडून दिसत होती. तिच्यावर तिने मांजर जाईल एवढे वर्तुळ काढले.

“पुढची फळी परत लावा,” ती आतूनच म्हणाली. “इकडून दुसरी वाट ठेवू. आपल्या माणसांना आतलं दिसेल अशी.”

स्क्रू फिरल्याचा आवाज आला. काच उतरवून भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग वडील करवत घेऊन कोठीच्या दारात उभे राहिले. त्यांनी ते वर्तुळ पाहिले.

“मोठं काढ,” ते खेकसले. “माझा हात गेला पाहिजे.”