बुचाच्या जागी

गंगाखेड सोडल्यापासून मोटार तिसऱ्यांदा बंद पडली.

बन्सीधर ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. कार्बोरेटर भरून वाहत होता. पेट्रोलचा कोटा कमी झाल्यामुळे हा फिरता दवाखाना मोहाच्या स्पिरिटवर चालवायचा हुकूम होता. स्पिरिट जास्त लागतं म्हणून त्याने ते आत सोडणाऱ्या जेटचं भोक मोठं केलं होतं. इंजिन सुरू छान व्हायचं, पण दोन मैलांवर बुडायचं.

"आज राणीसावरगावहून फिरून परत नाही आलो, तर उद्या मोटार परभणीला जमा," तो म्हणाला. "साहेबांचा कागद आहे, बाई."

"माहीत आहे," नर्स पार्वतीबाई म्हणाल्या. मोटारीत औषधांच्या कपाटाला लागून त्यांची खाट होती, स्टोव्ह होता, दोरीवर दोन पातळं होती. दुसरं घर त्यांना नव्हतं.

बन्सीधरने कार्बोरेटरमधला गोल बूच काढला. तो तरंगला की स्पिरिट थांबायचं. आता तो भिजून जड झाला होता. बन्सीधरने तो पुसला, उन्हात धरला आणि लाखेच्या रोगणाची डबी उघडली.

"पुन्ना तेच लावायलाव व्हय?" मागून झुंबरबाई म्हणाली. पायाला पट्टी बांधून घेऊन ती याच मोटारीने गावी निघाली होती.

"मावशी, दहा वर्षं लावतोय. पेट्रोलमध्ये बूच कधी भिजला नाही."

"पेट्रोलचं मला काय ठावं? आमचे मालक सुतार व्हते. लाख इस्पिरिटातच भिजू घालायचे. सकाळपातूर पाक! मंग कपाटाला पालिश." ती हसली. "तुमी आतून मोटारीला पालिश करायलाव."

बन्सीधरने डबीचं झाकण हळूच लावलं.

पार्वतीबाईंनी बूच हातात घेऊन पाहिला. मग त्या आत गेल्या आणि पितळेचा चपटा करंडा घेऊन आल्या. टाके घालायच्या सुया त्यात असायच्या. सुया त्यांनी रुमालात काढल्या होत्या. करंडा बुचाएवढाच होता.

"पितळ बुडेल, बाई."

त्यांनी औषधाच्या तराजूत करंडा टाकला. झाकणासकट दीड तोळा भरला. "बंद केला तर अडीच तोळे स्पिरिट बाजूला सारेल. तरंगेल."

बन्सीधरने स्टोव्ह मोटारीपासून लांब, लिंबाखाली नेला. डाख द्यायचं लोखंड तापलं. झाकण बसवता बसवता तो थांबला. करंड्याच्या कडेच्या खाचेत लाल भुकटी होती.

"कुंकू आहे. धुऊन घेऊ?"

झुंबरबाईने पार्वतीबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि नजर पायाच्या पट्टीकडे वळवली.

"ते वजनात धरलंय," पार्वतीबाई म्हणाल्या. "राहू द्या."

कथील कडेने फिरलं. वाटीतल्या स्पिरिटवर करंडा थोडा वर राहिला. बन्सीधरने तो दोन वेळा बोटाने खाली दाबला. दोन्ही वेळा तो वर आला. मग त्याने तो बुचाच्या जागी बसवला.

दोन मैल गेले. चार गेले. इंजिनचा आवाज बदलला नाही. राणीसावरगावची झाडं दिसू लागली, तेव्हा बन्सीधर हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणू लागला.

खाटेच्या कडेवर बसलेली झुंबरबाई पुढे वाकली.

"बाई, लाख वितळली तसं ते कुंकूबी वितळंल का वो?"

पार्वतीबाई रुमालातल्या सुया औषधाच्या रिकाम्या बाटलीत एकेक करून टाकत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिथवर काही पोचत नाही."