वरच्या फळीवर

मंजूर नकाशा दाखवता आला नाही म्हणून मावशींची मागची खोली गेल्या आठवड्यात पाडली गेली. पुढची तरी वाचावी म्हणून नकाशाची नक्कल मागायला त्या नगरपालिकेत पुन्हा हजर.

"वरच्या फळीवरच असणार," म्हणत रेकॉर्डचा कारकून जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर चढला. शिडी मागून मागून तो कधीच थकला होता. मावशींनी नेहमीसारखा गठ्ठा खालून घट्ट धरला. "जपून हं, भाऊ."

तेवढ्यात गठ्ठ्याची दोरी तुटली आणि कारकून धाडकन आपटला. ज्यांच्यावर उभं राहून तो दर खेपेला शोधायचा, त्याच फायलींत मावशींच्या घराची फाईल निघाली. मान खाली घालूनच तो विखुरलेले कागद गोळा करू लागला.


"राहू द्या हो ते कागद," मावशी वाकून म्हणाल्या. "तुम्हाला कुठं लागलं तर नाही ना?"