तिरका कोन

अपघातानंतर धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता. हूं नाही की चूं नाही. फोटोग्राफर ताई रोज त्याचा फोटो काढायची, बरा झाल्यावर दाखवायला. एकदा, तोच तो फोटो नको म्हणून तिने कॅमेरा तिरका धरला.

फोटोत खिडकी, कपाट, पलंग सगळं कललं होतं. भावाची मान मात्र उशीवरून उचललेली होती.

तिने समोर पाहिलं. तो निपचित पडलेला.

तिने कॅमेरा आणखी कलवला. आता फोटोत तो उठून बसला होता.

तिला आशा सोडवेना. जमेल तेवढा कलवून तिने पुन्हा बटण दाबलं.

फोटोत पलंग रिकामा होता.

मान वर करायचा तिला धीर होईना. तेवढ्यात मागून खांद्यावर ऊबदार हात पडला.

"ताई, जरा धर गं मला. पाय अजून लटपटतायत."