बुटांची राखण

वजनकाट्याचा काटा थरथरत थांबला, तशी मागच्या पोरांत खुसखुस झाली. खेळाच्या सरांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. तेवढं काळीज त्यांना होतं.

पुढची चाचणी एका पायावर उभं राहायची, दहा आकडे होईपर्यंत. काट्यावरून उतरलेल्या त्या नऊ वर्षांच्या जाड मुलीने पाय उचलायच्या आधीच सर म्हणाले, "राहू दे बाळा. तू दाराशी पायरीवर बस आणि सगळ्यांचे बूट सांभाळ." तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की विचार न करताच बाहेर पडायचं.

मुलगी पायरीकडे निघाली. पायरीवर तिला न्यायला आलेली आई आधीच येऊन बसली होती.

"ओळखलंत का सर? मी पहारेकरी."

सर हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच विरलं. ही आई त्यांचीच विद्यार्थिनी होती, तेव्हा वर्गातली पोरं तिला याच नावाने हाक मारायची. शाळेची सात वर्षं ती ह्याच पायरीवर बसून होती.

"कुणाचा एक बूट हरवू दिला नाही मी," ती म्हणाली.

"तू पडली असतीस. पोरं हसली असती," सर पुटपुटले.

"ठाऊक आहे. तुम्ही मायेनंच बसवलंत, म्हणून तर कधी बोलले नाही." ती म्हणाली. "आजही जिना उतरताना हातातला कठडा सुटत नाही माझा. उभ्यानं चप्पल घालता येत नाही. हिला पडू द्या सर."

पायरीवर बसवलेली पोरं एकेक करून सरांना आठवू लागली, आणि ती संपेचनात.

"ये गं इकडे," ते मुलीला म्हणाले. "उचल पाय. एक... दोन... तीन..."

ती धपकन पडली. पोरं खो खो हसली. तिचे डोळे भरून आले, पण कुणी सांगायच्या आतच तिने उठून पुन्हा पाय उचलला.

"एक," सर म्हणाले. "दोन. तीन. चार."

पाचाला त्यांची नजर दाराकडे गेली. लेकीवरचे डोळे न हलवता आई पायरीवरचे बूट जोडीजोडीने लावत होती. शेवटी सरांचे बूट उरले. तेही तिने सरळ करून ठेवले.